माहेरी निघण्याआधी फाईलमध्ये काय काय हवं

पहिलं बाळंतपण माहेरी, हा आपल्याकडचा रिवाज. सातव्या महिन्यात ओटी भरली की निघायची गडबड सुरू होते. साड्या, दुपटी, टोपडी सगळं आठवणीने भरलं जातं आणि रक्ताचे रिपोर्ट सासरच्या कपाटात राहतात. मग कळा सुरू झाल्यावर जिथे नेतात तिथल्या सिस्टरला या बाईची कावीळ बी तपासली आहे का, एचआयव्हीचं काय, हे कुठून कळणार? बाळासाठीचे काही उपाय जन्मानंतरच्या पहिल्या काही तासांतच करावे लागतात. म्हणून तपासणी करणं जितकं गरजेचं, तितकाच तिचा कागद प्रसूतीच्या खोलीपर्यंत पोचणं गरजेचं आहे.

सुरुवात मात्र सातव्या महिन्यात नको. पाळी चुकली आणि दिवस गेल्याची खात्री झाली की बारा आठवड्यांच्या आत नाव नोंदवा, उपकेंद्रात, प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा जिथे तुमचे डॉक्टर असतील तिथे. आशाताईंना कळवलं तर माता-बाल संरक्षण कार्ड मिळतं, ते जपा. सरकारी केंद्रांत दर महिन्याच्या ९ तारखेला गर्भवतींची खास तपासणी असते, तीही सोयीची. पहिल्याच भेटीत एचआयव्ही आणि हिपॅटायटिस बी (म्हणजेच कावीळ बी) या दोन विषाणूंच्या चाचण्या होतात. सिफिलिसची चाचणीही त्याच रक्तातून होते, पण तो जिवाणूचा आजार. यासाठी उपाशीपोटी जायची गरज नाही.

एचआयव्हीची चाचणी सरकारी रुग्णालयांतल्या आयसीटीसी, म्हणजे समुपदेशन आणि चाचणी केंद्रात मोफत होते. आधी समुपदेशक बोलतात, तुमची संमती घेतात. २०१७च्या कायद्याने संमती आणि गुप्तता दोन्ही बंधनकारक आहेत, त्यामुळे रिपोर्ट सासूबाईंच्या हातात आधी पडेल ही भीती बाळगू नका. जाताना नवऱ्याला बरोबर न्या आणि त्यांचीही तपासणी करून घ्या. हे मी आग्रहाने सांगते, कारण तुमची चाचणी आज निगेटिव्ह आली तरी लागण पुढे होऊ शकते, आणि अगदी ताजी लागण चाचणीत दिसत नाही. तशी शक्यता असेल तर शेवटच्या तिमाहीत पुन्हा तपासतात. उपचार न घेतल्यास आईकडून बाळाला एचआयव्ही जाण्याचं प्रमाण १५ ते ४५ टक्के असतं; वेळेवर गोळ्या सुरू झाल्या तर ते ५ टक्क्यांच्या खाली येतं. गोळ्या मोफत मिळतात, पण माहेरी जाताना पुरेसा साठा घ्या आणि तिथलं जवळचं एआरटी केंद्र, म्हणजे जिथे या गोळ्या मिळतात ते, आधीच विचारून ठेवा.

हिपॅटायटिस बी पॉझिटिव्ह आली तर सर्वांत जास्त तयारी लागते. विषाणूचं प्रमाण किती, हे पुढच्या चाचणीत कळतं. ते फार असेल तर डॉक्टर सातव्या महिन्याच्या सुमारास गोळी सुरू करतात. बाळाला लस जन्मानंतर २४ तासांच्या आत, आणि त्यासोबत इम्युनोग्लोब्युलिनचं, म्हणजे तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शन, शक्यतो १२ तासांत. हे इंजेक्शन लहान दवाखान्यात हाताशी असेलच असं नाही, रात्री-बेरात्री तर मुळीच नाही. म्हणून प्रसूती जिथे व्हायची त्या डॉक्टरांना आठव्या महिन्यातच रिपोर्ट दाखवा आणि ते कुठून आणायचं हे ठरवून टाका. जन्मतःच लागण झालेल्या दहातल्या नऊ बाळांना ती कायमची चिकटते, म्हणून ही धावपळ. ही काळजी घेतली तर अंगावर पाजायला अडचण नाही.

रुबेला म्हणजे जर्मन गोवर; त्याची लस गरोदरपणात देत नाहीत. दिवस राहण्याच्या किमान महिनाभर आधी ती घ्यायची. वेळ गेली असेल तर बाळंतपणानंतर.

टॉर्च नावाचा (टॉक्सोप्लाझ्मा, रुबेला अशा काही संसर्गांच्या रक्तचाचण्यांचा) महागडा संच कुणी लिहून दिला तर तो कशासाठी, हे जरूर विचारा. प्रत्येकीला त्याची गरज नसते. त्यात आयजीजी आणि आयजीएम अशी दोन प्रकारची प्रतिपिंडं बघतात. आयजीजी पॉझिटिव्ह म्हणजे बहुधा जुनी लागण किंवा लस. नुसत्या आयजीएमवरून घाबरून गर्भपाताचा निर्णय तर कधीच घेऊ नका. आधी पुन्हा तपासणी आणि तज्ज्ञांचं मत.

पावसाळ्यात जात असाल तर पाणी उकळूनच प्या. दूषित पाण्यातून येणारी हिपॅटायटिस ई शेवटच्या महिन्यांत जिवावर बेतू शकते. डोळे पिवळे दिसले तर झाडपाला, गंडेदोरे नकोत, थेट रुग्णालय. डासांतून पसरणाऱ्या झिका विषाणूचा महाराष्ट्रातला पहिला रुग्ण २०२१मध्ये पुरंदर तालुक्यातल्या बेलसरला सापडला, २०२४मध्ये पुण्यात गर्भवतींनाही लागण झाली. मच्छरदाणी दिवसाही लावा, आणि ताप-पुरळ आल्यास डॉक्टरांना झिकाबद्दल स्वतःहून विचारा. घरात कुणाला कांजिण्या आल्या आणि तुम्हाला कधी झाल्या नसतील तर त्याच दिवशी फोन करा.

आता फाईल. वर माता-बाल कार्ड, मग रक्तगट, चाचण्यांचे मूळ कागद तारखेप्रमाणे, चालू गोळ्यांची चिठ्ठी. या सगळ्या कागदांचे फोटो तुमच्या मोबाईलमध्ये आणि तुम्ही निवडाल त्या एका विश्वासाच्या माणसाकडे. शंका असेल तर १०९७ या मोफत क्रमांकावर एचआयव्हीबद्दल विचारता येतं. आई पॉझिटिव्ह असेल तर बाळाच्या पुढच्या तपासण्याही त्याच कार्डावर लिहून घ्या: एचआयव्हीसाठी पहिली सहा आठवड्यांनी, हिपॅटायटिस बीसाठी नऊ महिन्यांनंतर.