भार कोणावर, वाटा कोणाला: पवन-सौर प्रकल्पांत लोकसंपर्काचं काम

पवन आणि सौर प्रकल्पांच्या गावांत लोकसंपर्काचं काम मी बरीच वर्षं करते आहे. या क्षेत्रात नव्याने येणारे बहुतेक जण एकच प्रश्न विचारतात: गावाला काय दिलं की विरोध मावळतो? मी त्यांना सांगते, देण्याचं नंतर बघू, आधी या प्रकल्पात कोणाच्या वाट्याला काय येतंय ते शोधा.

ज्याच्या जमिनीवर पवनचक्की उभी राहते त्याला भाडं मिळतं. शेजाऱ्याला मिळतो आवाज, पात्यांची फिरती सावली आणि बांधकामाच्या काळात अवजड वाहनांनी उखडलेला रस्ता. सौर प्रकल्पाला कुंपण पडतं, वहिवाटीची पायवाट बंद होते, गुरं चारणाऱ्याला लांबचा वळसा पडतो. त्याच्या नावावर जमीन नसते, त्यामुळे करारात तो कुठेच नसतो. कागदोपत्री 'प्रकल्पाला विरोध' अशी नोंद झालेल्या घरांत मी जाऊन बसते तेव्हा पवनऊर्जेविरुद्ध बोलणारे फार थोडे भेटतात. बाकीच्यांचं दुखणं एवढंच, की पलीकडच्याला पैसे आणि आम्हाला फक्त त्रास. म्हणून पहिल्या आठवड्यांत घरं, वाटा, पाणवठे आणि चराई यांचा नकाशा स्वतः फिरून तयार करा. कंपनीच्या सर्व्हेत या गोष्टी क्वचितच असतात.

हा हिशेब काही देशांनी नियमांतच घातला आहे, आणि ते नियम नवख्या माणसाने जरूर वाचावेत. आयर्लंडमध्ये सरकारी लिलावातून आधारभाव मिळवणाऱ्या प्रकल्पाला दर मेगावॉट-तास (म्हणजे 1000 युनिट) विजेमागे 2 युरो स्थानिक निधीत भरावे लागतात; पवन प्रकल्प असेल तर 1 किलोमीटरच्या आतल्या प्रत्येक घराला त्या निधीतून वर्षाला किमान 1000 युरो. स्कॉटलंडमध्ये सक्ती नाही, पण सरकारने सुचवलेला दर आहे: दर मेगावॉट क्षमतेमागे वर्षाला 5000 पौंड, महागाईप्रमाणे वाढता. जर्मनीत 2021 पासून पवन प्रकल्प 2.5 किलोमीटरच्या परिसरातल्या नगरपालिकांना युनिटमागे 0.2 सेंटपर्यंत रक्कम देऊ शकतो.

हे दर पाठ करून भागत नाही, त्यांचा गुणाकार करता आला पाहिजे. 30 मेगावॉटचा पवन प्रकल्प वर्षभरात सरासरी 35 टक्के क्षमतेने चालला, तर सुमारे 92 हजार मेगावॉट-तास वीज होते. आयर्लंडच्या दराने त्याचे 1 लाख 84 हजार युरो होतात. मात्र वारा कमी पडला की ही रक्कमही घटते. क्षमतेवर ठरलेला निधी दरवर्षी ठरल्याप्रमाणे येतो. शाळेची बस किंवा आरोग्य केंद्रातला पगार अशा खर्चांसाठी गावाला दुसरी पद्धत बरी, असं माझं मत आहे. हा फरक बैठकीत फळ्यावर आकडे मांडून समजवा. लोक हिशेबात पक्के असतात. त्यांना संशय येतो तो गोल गोल बोलण्याचा.

आता सर्वांत नाजूक गोष्ट. परवानगीचा अर्ज विचाराधीन असताना गावाला रक्कम जाहीर केली, तर ती लाच वाटते, आणि तसं वाटण्यात गावाचं काही चुकत नाही. 2019 मध्ये ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयानेही अशीच रेषा आखली. एका पवनचक्कीच्या उत्पन्नाचा भाग स्थानिक निधीला देऊ केला होता; परवानगी ठरवताना तो विचारात घेता येणार नाही, असा निकाल लागला. म्हणून पहिल्या बैठकीला पैशांचा विषय काढूच नका. पवनचक्कीची जागा, रस्ता, आवाज, घरापासूनचं अंतर यांवर बोला, आणि यातलं काय बदलता येईल हे खरं खरं सांगा. गावाच्या सूचनेवरून एखाद्या पवनचक्कीची जागा खरोखर बदलली, की पुढच्या बैठकीचा सूर वेगळा लागतो. मी हे अनेकदा पाहिलं आहे.

काही ठिकाणी पैसा हा उपायच नसतो. नॉर्वेतल्या फोसेन भागात रेनडिअर पाळणाऱ्या मूळनिवासी सामी लोकांची हिवाळी कुरणं पवन प्रकल्पांत गेली. 2021 मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने परवाने अवैध ठरवले. तोवर 151 पवनचक्क्या उभ्या राहिल्या होत्या. माणसांचं जगणंच ज्या जमिनीवर चालतं, तिथे निधीचा प्रस्ताव घेऊन जाऊ नका. जागा बदला, असं वरिष्ठांना सांगण्याची हिंमत या नोकरीत लागते.

मालकीतला वाटा मला सर्वांत टिकाऊ वाटतो. डेन्मार्कच्या सामसो बेटावरच्या 11 पवनचक्क्यांपैकी 9 शेतकऱ्यांच्या आणि 2 स्थानिक सहकारी गटांच्या मालकीच्या झाल्या. कोपनहेगनजवळच्या समुद्रातल्या मिडलग्रुंडन प्रकल्पाच्या 20 पवनचक्क्यांपैकी निम्म्या हजारो सभासदांच्या सहकारी संस्थेकडे गेल्या. पण शेअर घ्यायला हातात पैसा लागतो, तो ज्याच्याकडे नाही तो पुन्हा बाहेरच राहतो. त्यामुळे मी शेअरसोबत निधीचा आग्रह धरते, आणि निधीच्या समितीत भूमिहीन आणि बायका असाव्यात, याचाही. बैठकीची वेळ त्यांच्या सोयीने ठेवा. नाहीतर नावं समितीत आणि माणसं घरी, असं होतं.

रोजगाराचं आश्वासन जपून द्या. बांधकामाच्या काळात पुष्कळ हात लागतात, नंतर देखभालीला मोजकेच. हे पहिल्याच दिवशी सांगा.

शेवटी करार. प्रकल्प 25 वर्षं चालतो आणि तेवढ्या काळात तो दुसऱ्या कंपनीला विकला जाण्याची शक्यता मोठी असते. तुम्ही तोंडी दिलेला शब्द नव्या मालकाला बांधून ठेवत नाही. म्हणून निधीची रक्कम, ती भरण्याची तारीख, समितीचे अधिकार, आयुष्य संपल्यावर पवनचक्क्या उतरवून जमीन मोकळी करण्याचा खर्च आणि त्यासाठी आधीच बाजूला ठेवायची ठेव, हे सगळं विकत घेणाऱ्यावरही बंधनकारक राहील असं लिहून घ्या. मसुदा गावाने स्वतः निवडलेल्या वकिलाने वाचलेला असावा, आणि त्याची फी कंपनीने भरावी.