कॉलेज बघायला जाताय? टूर संपली की लगेच निघू नका

अमेरिकेत अर्ज भरण्याआधी कॉलेज पाहून येण्याची पद्धत आहे, हे नव्याने आलेल्या बऱ्याच पालकांना मुलगा किंवा मुलगी अकरावीत गेल्यावरच कळतं. मग स्प्रिंग ब्रेकची धावपळ होते आणि तोवर चांगल्या वेळा भरलेल्या असतात. तीन-चार आठवडे आधी नाव नोंदवा.

नोंदणी अ‍ॅडमिशन ऑफिसच्या वेबसाइटवर होते. ती मुलाच्या नावाने आणि पुढे अर्जात जो ईमेल देणार त्याच ईमेलवरून करा. काही कॉलेजं विद्यार्थ्याने किती रस दाखवला हेही बघतात, आणि वडिलांच्या ईमेलवरून केलेली भेट मुलाच्या नावावर लागेलच असं नाही. कोण बघतं, कोण नाही, हे त्या कॉलेजच्या 'कॉमन डेटा सेट' या जाहीर माहितीपत्रकातल्या सी-७ तक्त्यात दिलेलं असतं. एमआयटी आणि युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाची कॅम्पसं हे धरत नाहीत. तिथे हजेरी लावायची म्हणून विमानाची तिकिटं काढू नका.

वर्ग चालू असताना जा: सप्टेंबर ते नोव्हेंबरचा मध्य, किंवा फेब्रुवारी ते एप्रिल. उन्हाळा सोयीचा, पण तेव्हा दिसतात त्या फक्त इमारती. थँक्सगिव्हिंगचा आणि परीक्षेचा आठवडा टाळा. बऱ्याच हायस्कूलांत अशा भेटीसाठी रजा मिळते, पण फॉर्म आधी द्यावा लागतो. एका दिवशी एकच कॉलेज. अगदी जवळ असतील तर दोन.

साधारण तासभर माहिती सत्र आणि तास-दीड तास पायी टूर असते. पाठमोरं चालत बोलणारा विद्यार्थी गाइड तयारीचा असतो. त्याला 'इथे कसं वाटतं?' विचारलंत तर 'मस्त' हेच उत्तर येणार. त्याऐवजी विचारा: गेल्या आठवड्यातल्या तुझ्या सर्वांत मोठ्या वर्गात किती मुलं होती? शिकवलं प्राध्यापकांनी की टीएने, म्हणजे शिकवायला मदत करणाऱ्या विद्यार्थ्याने? हवा तो कोर्स मिळाला का? दुसऱ्या वर्षानंतर डॉर्ममध्ये (वसतिगृहात) जागा मिळते का? फी आणि व्हिसाबद्दल मात्र त्याला विचारू नका, तो अंदाज सांगेल.

आणि हे प्रश्न मुलाने विचारायचे. आईवडिलांनी बोलायचं आणि मुलाने मान डोलवायची, ही आपली सवय इथे नडते. १९७४ च्या फर्पा कायद्यानुसार कॉलेजात गेल्यावर मार्कांच्या नोंदींवरचा हक्क विद्यार्थ्याचा होतो. तुमचा फोन आला म्हणून ऑफिस गुण सांगत बसत नाही.

टूरनंतरचे दोन-तीन तास खरे कामाचे. हव्या त्या विभागात जा आणि विचारा, की आत आल्यावर मेजर, म्हणजे मुख्य विषय, बदलता येतो का. अनेक मोठ्या सरकारी विद्यापीठांत दुसऱ्या मेजरमधून कॉम्प्युटर सायन्सला जाणं फार अवघड असतं, आणि 'आधी आत शिरू, मग बघू' हा बेत तिथेच फसतो. डायनिंग हॉलमध्ये पैसे देऊन जेवा. शाकाहारी मुलासाठी वेबसाइटवरची पाटी पुरेशी नाही, रोज सॅलड आणि पिझ्झाच उरतो का ते ताटात कळतं. दाखवलेली डॉर्मची खोली बहुधा सजवलेली असते. भेटेल त्या विद्यार्थ्याला त्याच्या खोलीबद्दल विचारा.

एच-४ वर, म्हणजे आई किंवा वडिलांच्या वर्क व्हिसावर अवलंबून असलेल्या व्हिसावर, आलेल्या मुलांसाठी एक काम वेगळं. केंद्र सरकारची आर्थिक मदत त्यांना मिळत नाही, ग्रीन कार्डधारकांना मिळू शकते. त्यामुळे मदत वजा जाता किती खर्च येईल हे सांगणाऱ्या, वेबसाइटवरच्या नेट प्राइस कॅल्क्युलेटरचा आकडा एच-४ ला फसवा ठरतो. सरकारी विद्यापीठांतल्या इन-स्टेट फीसाठी (राज्यातल्या रहिवाशांची कमी फी) बहुतेक राज्यांत आधी वर्षभर वास्तव्य लागतं, पण एच-४ ला ती सवलत द्यायची की नाही, हे प्रत्येक राज्याचे नियम ठरवतात. २१ व्या वर्षी एच-४ संपतो. पुढे एफ-१ (विद्यार्थी व्हिसा) घेतल्यावर फी बदलेल का, हेही विचारा. दोन्ही उत्तरं ईमेलवर, लेखी घ्या.

परतताना गाडीतच मुलाला टिपणं लिहू द्या: विभागात कळलेला कोर्स, प्रयोगशाळेचं नाव, खटकलेली गोष्ट. पुढे 'हेच कॉलेज का?' या निबंधात हेच लागतं. 'सुंदर कॅम्पस, प्रेमळ माणसं' हे वाक्य कुठल्याही कॉलेजला चालतं, म्हणून तिथे ते चालत नाही.