बोलिंगचा बॉल अंगठ्याने निवडायचा, रंगाने नाही

बोलिंगला (क्रिकेटचं नाही, तीन भोकांचा जड बॉल लाकडी पट्टीवरून, म्हणजे लेनवरून, घरंगळवत पिना पाडायचा खेळ) गेलं की आपली माणसं आधी रंग बघतात, मग वजन बघतात आणि बोटं नीट बसतात का ते सगळ्यात शेवटी, म्हणजे लेनवर उभं राहिल्यावर. हे उलटं करा. आधी अंगठा, मग दोन बोटं, वजन त्यानंतर.

गेल्या मे महिन्यात फोंड्याहून आम्ही अकरा जण गेलो होतो, शाळांना सुट्टी, घर पाहुण्यांनी भरलेलं, मामीने हलका म्हणून ८ पाउंडचा गुलाबी बॉल उचलला. अंगठा घुसला खरा पण बाहेर यायला तयार नाही. दहा मिनिटं ती बॉल मांडीवर घेऊन बसलेली, नारळ सोलायला बसल्यासारखी, आणि मामा बाजूला उभा राहून "जोरात ओढ गो" म्हणतोय. ओढायचं नाही. शेवटी लिक्विड सोप लावून हळूहळू फिरवत काढला.

यात मामीची चूक काही नव्हती. तिथे ठेवलेले हलके बॉल बहुतेक लहान पोरांचा हिशेब करून ड्रिल केलेले असतात, भोकं बारीक आणि अंगठ्याच्या व बोटांच्या भोकांमधलं अंतर कमी, आणि जसं वजन वाढतं तशी भोकं मोठी होत जातात. म्हणजे ज्याची बोटं जाड पण हातात जोर कमी, तो मधल्यामध्ये मरतो. अशा माणसाने एक-दोन पाउंड वर जाऊन बघायचं, आणि एकाच वजनाचे तीन-चार बॉल हाताळायचे, कारण १० पाउंडच्या सगळ्या बॉलची भोकं काही सारखी नसतात. वजन फार चढवूही नका, सगळ्यात जड बॉल १६ पाउंडचा, म्हणजे सव्वासात किलो, घरच्या सिलिंडरमधल्या गॅसच्या निम्मा झाला की हो!

आता अंगठा. हात कोरडा पुसा (रॉस ऑम्लेट खाऊन आला असाल तर साबणाने धुवा, तेलकट बोटांचा काही भरवसा नाही) आणि अंगठा मुळापर्यंत आत घाला. अर्धवट नाही, पूर्ण. मग आतल्या आत थोडा फिरवा. कातडी चारी बाजूंनी हलकी घासली पाहिजे पण ओढली जाता कामा नये. फिरवताना अंगठा आत वाकवावा लागतोय, म्हणजे भोक सैल आहे आणि तुम्ही बॉल आवळून धरताय. ही सवय वाईट, कारण आवळलेला अंगठा वेळेवर सुटत नाही, बॉल भलतीकडे जातो आणि संध्याकाळी सांध्याच्या मागे कातडी सोललेली दिसते.

अंगठा आतच ठेवून मधलं बोट आणि त्याच्या शेजारचं अनामिका, दोन्ही भोकांवर नुसती आडवी टाका, आत घालू नका. बोटाच्या मधल्या सांध्याची रेघ भोकाच्या अंगठ्याकडच्या कडेपासून साधारण पाव इंच पुढे गेली तर अंतर बरोबर. रेघ कडेपर्यंत पोचतच नसेल तर अंतर जास्त, तळहात ताणला जाणार. फार पुढे गेली तर कमी, मग हात आपोआप मूठ वळायला बघतो. अजून एक सोपी पद्धत आहे, तिन्ही बोटं आत घालून तळहात आणि बॉलच्या मध्ये पेन्सिल सरकवून बघायची, ती जेमतेम गेली पाहिजे. जातच नसेल तर ताण आहे आणि खडखडत असेल तर सैल.

हे सगळं भाड्याच्या बॉलचं, ज्यात दोन्ही बोटं मधल्या सांध्यापर्यंत आत जातात. जे नियमित खेळतात ते फिंगरटिप ग्रिप घेतात, त्यात बोटं फक्त टोकाकडच्या पहिल्या पेरापर्यंत आत जातात आणि अंगठा मात्र पूर्णच, भोकात रबरी इन्सर्ट बसवलेले असतात आणि बॉलला फिरकी जास्त मिळते. पण हे ज्याच्या त्याच्या हाताचं माप घेऊनच करायचं, मित्राचा तसला बॉल उसना घेऊन मनगट दुखवून घेऊ नका.

आणि आता आपल्या गोव्याची खरी गोष्ट. बाहेर घामाच्या धारा, स्कूटर चालवत आलात, बोटं सुजलेली. त्या अंगठ्याने तुम्ही बॉल निवडता. वीस मिनिटं एसीत बसलात की तोच अंगठा आकसतो आणि बॉल ढिला. मग दोन गेम खेळून परत फुगतो. म्हणून आल्याआल्या बॉल उचलायचा नाही, शूज घाला, पाणी प्या, हात जरा थंड होऊ द्या, मगच निवडा, आणि पहिल्या गेमनंतर अंगठा परत एकदा फिरवून बघा, नाही जमत तर बिनधास्त बदला.

स्वतःचा बॉल असेल तर यावर टेप हा इलाज. बोलर्स टेपचे छोटे तुकडे मिळतात, पाऊण इंची आणि एक इंची रुंदीचे, ते अंगठ्याच्या भोकात एकावर एक चिकटवायचे. मी गुळगुळीत टेप नखाच्या बाजूला लावतो, खरखरीत गादीच्या बाजूला, वरची कड भोकाच्या तोंडापासून थोडी खाली. सुरुवातीला तीन लावा, अंगठा फुगला की एक काढा. इतकंच. पहिल्यांदा मी कड वरपर्यंत आणली होती, तिसऱ्या फ्रेमला, म्हणजे तिसऱ्या पाळीला, टेप अंगठ्याला चिकटून बाहेर आला आणि बॉल गटरमध्ये, लेनच्या कडेच्या खाचेत.

दुखतंय कुठे ते बघत चला. भोकाच्या तोंडाशी कातडी कापल्यासारखी होत असेल तर कड धारदार आहे, ड्रिल करणाऱ्याकडून ती गोल करून घ्या, पाच मिनिटांचं काम. बोटाच्या टोकाला फोड येत असेल तर बहुतेक अंतर किंवा भोकाचा कोन चुकलाय, तो टेपने सुटत नाही.

जुना बॉल स्वस्तात मिळतोय म्हणून घेणार असाल तर दुसऱ्याच्या भोकांत आपली बोटं कोंबू नका, ती बुजवून परत ड्रिल करता येतात, तो खर्च धरूनच भाव करा. आणि त्याला बॅलन्ससाठी पाडलेलं चौथं भोक असेल तर तेही बुजवून घ्या, यूएसबीसी या अमेरिकेतल्या बोलिंग संघटनेने १ ऑगस्ट २०२० पासून त्यांच्या स्पर्धांमध्ये ते बंद केलंय.