कुंडीतली हळद: पातोळ्यांची पानं आणि लोणचंही

हळद लावायला नर्सरीत जायची गरजच नाही, मंडईत ओली हळद मिळते त्यातलाच जाडजूड, डोळे फुगलेला तुकडा घ्या आणि मे-जूनमधे लावून टाका. कुंडी खोल नसली तरी चालेल पण पसरट हवी, १२-१४ इंचाची, कारण गड्डे आडवे पसरतात. माती भुसभुशीत, निम्मं शेणखत किंवा कंपोस्ट, डोळा वर ठेवून दोनेक इंच खाली पुरायचं आणि कोंब दिसेपर्यंत पाणी अगदी बेताचं, नाहीतर कुजतो. कोंब यायला तीन-चार आठवडे लागतात, उकरून बघू नका प्लीज! अर्धवट उन्हाच्या बाल्कनीतही मस्त येते, आणि ती लांब रुंद पानं शोभेच्या कुठल्याही झाडापेक्षा छान दिसतात (माझं मत).

श्रावणात, गणपतीत पातोळ्यांसाठी पानं काढाल तेव्हा बाहेरची एकदोनच घ्या, सगळी ओरबाडलीत तर खाली गड्डा पोसणार कसा. मधे गड्डे उघडे दिसले की वरून माती घालायची. जानेवारीच्या आसपास पानं पिवळी पडून वाळतात, मग पाणी बंद करून दोनतीन आठवड्यांनी कुंडी सरळ उलटी करा. पावडरीसाठी उकडा, वाळवा, दळा एवढा खटाटोप कुंडीभर हळदीला परवडत नाही, त्यापेक्षा लिंबू-आलं घालून लोणचं करा.