गृहसंकुलाचा वाहतूक अहवाल कसा तपासायचा आणि चौक कसा मोजायचा

मोठं गृहसंकुल येणार म्हटलं की सुनावणीत रहिवासी सांगतात, इथे आत्ताच चौकातून बाहेर पडता येत नाही. विकासकाचा सल्लागार अहवाल पुढे करतो आणि म्हणतो, चौकाची क्षमता पुरेशी आहे. मंजुरी देणाऱ्याला निर्णयाचं कारण लेखी द्यावं लागतं, त्यामुळे ज्याच्याकडे आकडा आहे त्याचं पारडं जड होतं. तो आकडा कुणालाही तपासता येतो. स्वतःचा आकडा उभा करायला सहा-सात माणसं, घड्याळ आणि मोबाइल पुरतात.

एक गोष्ट मात्र आधीच ठरवून घ्या. घरं लागतातच, आणि तिथे राहायला येणारे लोक उद्याचे शेजारी आहेत. ‘प्रकल्पच नको’ ही मागणी फक्त वाहतुकीच्या मुद्द्यावर क्वचितच टिकते. ‘कोणता रस्ता कितव्या फ्लॅटचा ताबा देण्याआधी तयार हवा’ ही मागणी टिकते. खालची सगळी मेहनत त्यासाठी आहे.

अहवाल शेवटून वाचा

सारांश नको, परिशिष्टांसह पूर्ण अहवाल मागा. मोजणीचे मूळ तक्ते मागच्या पानांत असतात आणि गडबड बहुतेक वेळा तिथेच सापडते. आधी तारीख बघा. शाळांच्या सुट्टीत, सणाच्या आठवड्यात, मुसळधार पावसात किंवा जवळचा रस्ता खोदलेला असताना केलेली मोजणी नेहमीच्या दिवसाचं चित्र देत नाही. मग वेळ बघा. सकाळी नऊला सुरू झालेल्या मोजणीत शाळेची गर्दी निसटलेली असू शकते. मोजणी एकाच दिवसाची असेल तर तेही टिपून ठेवा.

चौक स्वतः मोजा

आठवड्याच्या मधला कामाचा दिवस घ्या. सकाळी दोन तास, संध्याकाळी दोन तास. रांग लागायला सुरुवात होते त्याच्या अर्धा तास आधी उभं राहा, नाहीतर गर्दी कधी सुरू झाली हेच कळत नाही. चार रस्त्यांच्या चौकात बारा हालचाली असतात : प्रत्येक रस्त्यावरून सरळ, डावीकडे आणि उजवीकडे. प्रत्येक रस्त्याला एक माणूस द्या, वर्दळ जास्त असेल तर दोन. तक्त्यात दर पंधरा मिनिटांना एक ओळ आणि दुचाकी, रिक्षा, कार, टेम्पो, बस, ट्रक यांचे वेगळे रकाने. चालणारे आणि सायकलस्वारही मोजा. बहुतेक अहवालांत ते नसतात, आणि नव्या सिग्नलच्या वेळा ठरवताना त्यांचाच विसर पडतो. शक्य असेल तर उंचावरून मोबाइलवर चित्रीकरण करा, म्हणजे शंका आली तर पुन्हा मोजता येतं.

आता सर्वांत महत्त्वाचा मुद्दा. स्टॉप लाइनवर उभं राहून मोजलं की सुटलेल्या गाड्या मोजल्या जातात, आलेल्या गाड्या नाहीत. चौक तुंबलेला असेल तर त्यातून कमी गाड्या सुटतात, म्हणून कागदावर तो रिकामा दिसतो. जितकी कोंडी वाईट, तितका आकडा चांगला! हे टाळायला प्रत्येक पंधरा मिनिटांच्या सुरुवातीला आणि शेवटी रांगेत किती गाड्या उभ्या आहेत तेही लिहा. समजा सुरुवातीला रांगेत १० गाड्या होत्या, पंधरा मिनिटांत १३० सुटल्या आणि शेवटी ३४ उभ्या राहिल्या. म्हणजे खरी मागणी १३० अधिक २४, एकूण १५४. अहवालात १३० एवढंच असेल. रांगेचं टोक दिसत नसेल तर एक माणूस मागे पाठवा आणि त्याच्याशी फोनवर राहा.

मोजणी झाल्यावर लागोपाठच्या चार पंधरा मिनिटांची सर्वांत मोठी बेरीज शोधा. तो तुमचा गर्दीचा तास. पण तासाची सरासरी झटका लपवते. ३००, ४२०, ३८० आणि ३०० अशा चार नोंदी असतील तर तासाला १,४०० गाड्या होतात, पण चौकाला ४२० च्या चारपट, म्हणजे १,६८० च्या वेगाने मार बसलेला असतो. १,४०० भागिले १,६८० म्हणजे ०.८३. हे गुणोत्तर अहवालात नसेल किंवा ते १ धरलं असेल तर विचारा.

वेगवेगळ्या गाड्या एका मापात आणायला कार १ धरून बाकीच्यांना गुणक देतात. याला पीसीयू (पॅसेंजर कार युनिट) म्हणतात. इथे एक छोटा दशांश सगळं फिरवतो. इंडियन रोड्स काँग्रेसच्या १९९० च्या शहरी मार्गदर्शिकेत दुचाकींचं प्रमाण ५ टक्के असताना गुणक ०.५ आहे, १० टक्के किंवा जास्त असताना ०.७५. हजार गाड्यांत ६०० दुचाकी असतील तर पहिल्या गुणकाने त्या ३०० होतात, दुसऱ्याने ४५०. अहवालात कोणता गुणक वापरला आणि का, हे मागा.

नव्या घरांतून किती फेऱ्या निघतील

सल्लागार बरेचदा अमेरिकेतल्या वाहतूक अभियंत्यांच्या संस्थेची, आयटीईची, पुस्तिका वापरतात. तिच्या अकराव्या आवृत्तीत मध्यम उंचीच्या इमारतींतल्या फ्लॅटमागे सकाळच्या गर्दीच्या तासाला सरासरी ०.३७ वाहनफेऱ्या दिल्या आहेत. ९०० फ्लॅटला त्या ३३३ होतात. पण या सरासरीच्या मागच्या नोंदी तिकडच्या वस्त्यांच्या आहेत, आणि दुसरीकडे त्या तशाच लागू पडतील याची खात्री नसते.

उपाय सोपा आहे. परिसरात तशाच आकाराच्या आणि तशाच दराच्या फ्लॅटचं राहतं संकुल शोधा आणि त्याच्या सगळ्या फाटकांवर सकाळी दोन तास मोजा. आत जाणारी गाडी एक फेरी, बाहेर येणारी एक. रहिवाशाला न्यायला आलेल्या टॅक्सीच्या दोन. स्कूल बस, पार्सलवाले, कामाला येणाऱ्यांच्या दुचाकी, सगळं धरा. समजा गर्दीच्या तासाला १३२ गाड्या बाहेर पडल्या आणि २४ आत गेल्या, एकूण १५६. संकुलात फ्लॅट ४०० आहेत, पण राहते २४०. भागाकार २४० ने करा : ०.६५ येतो, म्हणजे ९०० फ्लॅटला ५८५ फेऱ्या. ४०० ने भागलं तर ०.३९ येतो आणि पुस्तिकेशी छान जुळतो. रिकामे फ्लॅट हिशेबात शिरले म्हणून ते जुळलं. राहत्या फ्लॅटचा आकडा सोसायटीच्या सचिवाकडून लेखी घ्या, कारण पहिला वाद यावरच घालतात.

त्यानंतर वजावटी बघा. इतके टक्के लोक बसने जातील, इतके आतल्याच दुकानांत खरेदी करतील, असं म्हणून फेऱ्या कमी केलेल्या असतात. बस खरंच त्या फाटकापासून चालत जाता येईल इतक्या अंतरावर थांबते का, पदपथ सलग आहे का, दुकानं पहिल्याच टप्प्यात उघडणार आहेत का? नसतील तर ती वजावट आज लागू होत नाही.

फेऱ्या कोणत्या रस्त्यावर टाकल्या आहेत

नकाशावर बाणांजवळ टक्के लिहिलेले असतात. त्यांची बेरीज करून बघा आणि नकाशातला प्रत्येक रस्ता जागेवर जाऊन शोधा. ४० टक्के गाड्या ज्या रस्त्याने जाणार आहेत तो अजून आराखड्यातच असेल, जमीन ताब्यात नसेल, मधे घरं उभी असतील, तर त्या ४० टक्के गाड्या आजच्या चौकात येणार आहेत. हा एक मुद्दा सिद्ध झाला तर उरलेला अहवाल पुन्हा करावा लागतो.

त्याच परिसरात मंजूर झालेले पण अजून न बांधलेले प्रकल्पही हिशेबात हवेत. एकच प्रकल्प तीन टप्प्यांत मांडून प्रत्येक टप्प्याचा परिणाम ‘किरकोळ’ दाखवणं ही जुनी युक्ती आहे. तिन्ही टप्प्यांची एकत्र बेरीज मागा.

क्षमता : शेवटच्या काही गाड्यांचा खेळ

सिग्नलवरची एक मार्गिका हिरव्यात साधारण दर दोन सेकंदाला एक कार सोडते, म्हणजे सलग तासभर हिरवा असता तर १,८००. पण १२० सेकंदांच्या चक्रात हिरवा ३० सेकंदच मिळत असेल तर क्षमता ४५०. आज तिथे ४३० येत असतील तर अहवाल म्हणेल, अजून जागा आहे. नव्या संकुलातून ६० आल्या की मागणी ४९० होते. जास्तीच्या ४० गाड्या तासाअखेर रांगेत उभ्या राहतात. थांबलेल्या गाडीला पुढच्या अंतरासह सुमारे ७ मीटर धरले तर ही २८० मीटर वाढीव रांग झाली. मागचा चौक २०० मीटरवर असेल तर तोही बंद पडतो, आणि एकेक चौक सुटा तपासणाऱ्या अहवालात हे येतच नाही. क्षमतेच्या ८५ टक्क्यांच्या आसपास गेलं की विलंब सरळ रेषेत वाढत नाही, उसळतो. म्हणून ‘फक्त ५ टक्के वाढ’ या वाक्याने शांत होऊ नका.

चौक किती सुरळीत चालतो याची ए (सर्वांत चांगली) ते एफ (सर्वांत वाईट) अशी श्रेणीही दिलेली असते. अमेरिकी पद्धतीत सिग्नलवर सरासरी थांबा ३५ ते ५५ सेकंद असेल तर डी, ८० सेकंदांच्या वर गेला तर एफ. ही श्रेणी पूर्ण चौकाच्या सरासरीची असेल तर मोठा रस्ता डी ठेवून बाजूचा छोटा रस्ता एफमध्ये अडकलेला असू शकतो. प्रत्येक रस्त्याचा विलंब आणि रांगेची लांबी वेगळी मागा.

फाटक आणि बांधकामाचे ट्रक

फाटकावर गाडी थांबवून नोंद करत असतील तर रांग आत मावली पाहिजे. सुरक्षारक्षकाची चौकी रस्त्यापासून निदान सहा गाड्या, म्हणजे ४० मीटरहून थोडी जास्त आत हवी. नकाशात ती सीमेला चिकटलेली असेल तर पहिल्या दिवसापासून रांग सार्वजनिक रस्त्यावर येणार.

बांधकामाची वर्षं अहवालात बहुधा कोरी असतात. साधा हिशेब लावा : ३०,००० घनमीटर काँक्रीट, एका मिक्सरमध्ये ६ घनमीटर, म्हणजे ५,००० खेपा आणि जाऊन-येऊन १०,००० फेऱ्या. त्यात खोदलेली माती, स्टील, विटा वेगळ्या. शाळा भरण्या-सुटण्याच्या वेळेत ट्रकबंदी, ठरलेला मार्ग, चाकं धुवायची जागा आणि ट्रक आतच उभे राहतील अशी सोय, या अटी लेखी मागा.

हरकत कशी लिहावी

दोन पानं पुरतात. प्रत्येक मुद्द्यात अहवालाचं पान, तिथला आकडा, तुमचा आकडा आणि तुमची मागणी. मूळ तक्ते सोबत जोडा, त्यावर मोजणाऱ्यांच्या सह्या आणि वेळ हवी. मुदतीत द्या आणि पोच घ्या. पन्नास जणांनी एकच छापील अर्ज देण्यापेक्षा पाच जणांनी पाच वेगळे मुद्दे दिलेले बरे, कारण एकसारख्या अर्जांना एकच उत्तर मिळतं. सभेत तीन मिनिटं मिळाली तर एकच मुद्दा पूर्ण मांडा, शक्यतो रांगेचा किंवा न बांधलेल्या रस्त्याचा. ‘बाहेरचे लोक येतील’ हे वाक्य कुणीही बोलू नये. ते चुकीचं आहे, आणि ते ऐकल्यावर तुमच्या आकड्यांकडेही संशयाने बघितलं जातं.

मागणी तारखेला न बांधता ताब्याला बांधा. ‘रस्ता लवकर करावा’ ही अट कुणी पाळत नाही. ‘३०० व्या फ्लॅटच्या भोगवटा प्रमाणपत्राआधी दुसरा प्रवेशरस्ता वापरात असावा’ ही अट पाळावीच लागते. रुंदीकरण सुचवलं असेल तर ते चौकापर्यंत येतं का बघा. मधे तीन मार्गिका आणि तोंडाशी दोनच असतील तर रांग फक्त जाड होते. समोरची वाहतूक ओलांडून वळणाऱ्यांसाठी वेगळी पट्टी असेल तर तिची लांबी मोजलेल्या रांगेपेक्षा जास्त हवी, नाहीतर शेवटची गाडी सरळ जाणाऱ्यांना अडवते.

मंजुरी मिळाली तरी तक्ते फेकू नका. पहिल्या टप्प्यात लोक राहायला आल्यावर सहा महिन्यांनी त्याच जागी, त्याच वारी, त्याच वेळी पुन्हा मोजा आणि दुसऱ्या टप्प्याच्या अर्जावर निर्णय होण्याआधी दोन्ही तक्ते शेजारी ठेवून सादर करा.