कोविडमधली उधारी आणि एनसीएलटी: आधी तारखा काढा, नोटीस नंतर

कोविडच्या काळातली बिलं अजून अडकलीयत आणि पार्टी प्रायव्हेट लिमिटेड आहे, की कोणीतरी सांगतंच, टाक एनसीएलटीत (कंपन्यांच्या दिवाळखोरीचे अर्ज चालवणारं न्यायाधिकरण), कंपनी दिवाळखोरीत जाणार म्हटल्यावर पैसे सुटतील. पण वकिलाची फी भरायच्या आधी लेजर काढा आणि प्रत्येक बिलासमोर डिफॉल्टची तारीख लिहा. बिलाची नाही हां, पैसे यायला हवे होते आणि आले नाहीत तो दिवस.

कारण लॉकडाऊनमध्ये कंपन्या धडाधड बुडू नयेत म्हणून सरकारने 5 जून 2020 ला वटहुकूम काढून आयबीसीत, म्हणजे दिवाळखोरी कायद्यात, कलम 10अ घातलं, 25 मार्च 2020 पासूनच्या डिफॉल्टवर अर्ज बंद, आधी सहा महिने, मग वाढवत वाढवत 24 मार्च 2021 पर्यंत. बऱ्याच जणांना वाटतं बंदी उठली म्हणजे आता ती बिलं लावता येतील. नाही येत. त्या वर्षातल्या डिफॉल्टवर कधीच अर्ज करता येणार नाही असं कायद्यातच लिहिलंय, आणि फेब्रुवारी 2021 मध्ये सुप्रीम कोर्टाने सीमेन्स गमेसाच्या केसमध्ये वटहुकमाच्या आधी टाकलेल्या अर्जालाही हे लागू केलं.

समजा पीओवर (खरेदीच्या ऑर्डरवर) 60 दिवसांचं क्रेडिट आहे. 20 जानेवारी 2020 च्या बिलाची मुदत 20 मार्चला संपली, ते चालतं. 30 जानेवारीचं बिल 30 मार्चला ड्यू, ते गेलं. पार्टी तीच, माल तोच, फक्त दहा दिवसांचा फरक, म्हणून पीओ शोधून काढा, अंदाजाने तारीख टाकू नका.

आता चालणाऱ्या बिलांचीच बेरीज करा. ती किमान 1 कोटी हवी. आधी ही मर्यादा 1 लाख होती, 24 मार्च 2020 ला एकदम 1 कोटी केली आणि कोविड गेला तरी ती तशीच आहे. छोट्या सप्लायरला खरा फटका याचाच बसला असं माझं स्पष्ट मत आहे, 10अ एका वर्षातल्या डिफॉल्टपुरतं होतं, हे कायमचं झालं.

मग अर्ज करायची कायदेशीर मुदत बघा, डिफॉल्टपासून साधारण तीन वर्षं असते. सुप्रीम कोर्टाने 15 मार्च 2020 ते 28 फेब्रुवारी 2022 हा काळ मोजणीतून वगळला, म्हणजे त्या काळात ड्यू झालेल्या बिलाची तीन वर्षं 1 मार्च 2022 पासून धरली तरी फेब्रुवारी 2025 अखेर संपली. मधे पार्टीने मुदतीत लेखी कबुली दिली असेल तर त्या तारखेपासून नव्याने तीन वर्षं मिळतात, म्हणून सही केलेलं बॅलन्स कन्फर्मेशन, जुने मेल सगळं शोधा, आणि एमसीए (कंपनी व्यवहार मंत्रालय) पोर्टलवरून कंपनीचे ताळेबंद काढा, त्यातली नोंदही कबुली धरली जाऊ शकते. पण कबुली आली म्हणून 10अ मधलं बिल बाहेर येत नाही.

सगळं जुळलं तर कलम 8 ची डिमांड नोटीस, दहा दिवस थांबा, मग कलम 9 चा अर्ज. मालाच्या क्वालिटीवरून नोटिशीच्या आधीच भांडणाचे मेल झालेले असतील तर अर्ज टिकणं अवघड.

10अ ने फक्त एनसीएलटीचा दरवाजा बंद केलाय, देणं माफ केलेलं नाही. मुदत शिल्लक असेल तर दिवाणी दावा होतो, आणि तुम्ही उद्यम (लघुउद्योगांची सरकारी नोंदणी) रजिस्टर्ड असाल तर लघुउद्योगांच्या थकबाकीसाठीचं फॅसिलिटेशन कौन्सिल आहे, तिथे बँक रेटच्या तिप्पट, महिन्याच्या चक्रवाढीने व्याज मागता येतं, फक्त माल दिला तेव्हा रजिस्ट्रेशन होतं का यावर वाद होतो, ते सर्टिफिकेट आधी काढून ठेवा.

आणि तुम्हीच देणेकरी असाल, कंपनीच्या कर्जाला स्वतःची पर्सनल गॅरंटी दिली असेल, तर 10अ च्या भरवशावर राहू नका. त्यात कलम 7, 9 आणि 10 चाच, म्हणजे कंपनीच्या दिवाळखोरीच्या अर्जांचाच उल्लेख आहे, गॅरंटरवर बँक जाते ते कलम 95 खाली.