थायरॉइडची गोळी चालू, तरी पोट साफ नाही आणि टीएसएच चढाच: माझा अनुभव

लेव्होथायरॉक्सिन, म्हणजे थायरॉइडची गोळी, रोज चालू, तरी बद्धकोष्ठता, पोटफुगी, टीएसएच (थायरॉइड कमी पडलं की रक्तात वाढणारं संप्रेरक) चढाच. चूर्णं झाली, डोस वाढला. जीव मेटाकुटीला आला.

गोम वेळेत होती. ॲसिडिटीचं जेल, कॅल्शियम, लोह, इसबगोल हे गोळीसोबतच घेतलं तर ती रक्तात पुरती उतरत नाही आणि आतडं मंदच राहतं.

आता उठल्याबरोबर गोळी, फक्त साध्या पाण्याबरोबर. चहा तासाभराने, कोरासुद्धा. जेल, कॅल्शियम, लोह किमान 4 तासांनंतर. इसबगोल रात्री, पेलाभर पाण्यात ढवळून लगेच. पाणी कमी पडलं तर मल उलट घट्ट होतो. पॅन्टोप्राझोल (पोटातलं आम्ल कमी करणारी गोळी) रोजचं असेल तर डॉक्टरांना सांगाच, तिथे नुसती वेळ बदलून भागत नाही.

टीएसएच 6 ते 8 आठवड्यांनी तपासला. उतरला, पोटही साफ होऊ लागलं. शोषण सुधारल्यावर वाढवलेला डोस जास्त होऊ शकतो. धडधड जाणवली तर तपासणीची वाट न पाहता डॉक्टरांना दाखवा.